अप्पांची वही आणि परत न आलेली अकरा पुस्तकं

माईघाट

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं किती दिवस मनात होतं, आज बसलेच.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २००५ च्या महापुरात पाणी घरात शिरलं, पण पुस्तकांच्या कपाटाच्या दुसऱ्या फळीशी थांबलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडताना आम्ही त्याच हिशेबाने सगळी पुस्तकं वरच्या तीन फळ्यांवर कोंबली आणि निर्धास्त मनाने मिरजेला बहिणीकडे गेलो. त्या वेळी आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. वरची फळीसुद्धा राहिली नाही.

परत आलो तेव्हा कपाटाचं दार उघडेना. पुस्तकं आतल्या आत फुगून दाराला इतकी दाटली होती की भावाने शेवटी पहार घातली. आतून ती सुटी सुटी निघालीच नाहीत, एकेका फळीची एकेक वीट निघाली. चांदोबाच्या बांधीव अंकांचा तर लगदा झाला होता, हातात घेतला की बोटांमधून गळायचा. आई पायरीवर बसून प्रत्येक वीट बघत होती, वरचं नाव कुठं वाचता येतंय का म्हणून. एकाचंही आलं नाही.

वाचली ती फक्त माळ्यावरची वही. अप्पा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानातल्यासारखीच लाल कापडी बांधणीची लांब वही त्यांनी घरच्या पुस्तकांसाठी घातली होती. अनुक्रमांक, नाव, किंमत, कुठून आणलं, कोणी नेलं, कधी नेलं, परत. एकूण २१४ नोंदी. पहिली नोंद ‘श्यामची आई’, शेवटची ‘एक होता कार्व्हर’. ‘कोणी नेलं’च्या रकान्यात अप्पा माणसाचं नाव कधी लिहायचे नाहीत, ओळख लिहायचे. ‘गिरणीवाल्यांचा मधला.’ ‘पोस्टातल्यांची धाकटी.’ ‘हरिपूरचे, पेववाले.’

‘परत’च्या रकान्यात अकरा ठिकाणी जागा रिकामी आहे. या अकरा पुस्तकांवरून अप्पांचा जीव फार जळायचा. दिवाळीच्या साफसफाईत वही खाली काढायचे, रिकाम्या जागांवर बोट ठेवायचे आणि दुपारभर गप्प असायचे. २०११ साली ते गेले तोवर त्यातलं एकही आलं नव्हतं.

परवा वही चाळताना एकदम लक्षात आलं. घरात राहिली ती २०३ गेली. आज कुठं असतील तर ती अकराच असतील. अप्पांना ज्यांचा राग होता, त्यांच्याच घरी अप्पांची पुस्तकं जिवंत आहेत.

म्हणून दोन गोष्टी विचारते. तुमच्या घरची पुस्तकं कोणती, ती कोण वाचायचं, कशी वाचायचं, ते सविस्तर लिहा. आणि कुणाकडे जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर उजवीकडे वर निळ्या शाईत गोल आणि गोलात आकडा असेल, तर मला कळवा. पुस्तक परत नको. ते आहे, एवढंच कळू दे.

कंदीपेढा

माईघाट ताई, कपाटाचं वाचून पोटात कालवलं.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. घरात पुस्तक म्हणजे एकच, श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’. लाल फडक्यात बांधलेला, देवघराच्या वरच्या कोनाड्यात. त्याचे अध्याय चौसष्ट. रोज दोन धरले तरी श्रावणात बसत नाहीत, म्हणून आजी आषाढ संपायच्या आधीच सुरुवात करायची. संध्याकाळी जेवणं आटोपली की आळीतल्या पाच-सहा बायका हात पुसत पुसत यायच्या. भांडणं असायची त्यांच्यात, बांधावरची, पाण्याची. पण द्रौपदीचा प्रसंग आला की सगळ्यांच्या डोळ्यांना पदर.

मी तिसरीत असताना आजीला मोतीबिंदू झाला आणि पोथी माझ्याकडे आली. जुनी छपाई, शब्द एकमेकांना चिकटलेले. कुठं तोडायचं तेच कळायचं नाही. मी चुकीच्या जागी तोडला की आजी डोळे मिटल्या मिटल्या पुढची ओवी म्हणून दाखवायची. तिला सगळं तोंडपाठ होतं. मग मला वाचायला का बसवलं, हे तेव्हा कळलं नाही. मराठीच्या पेपरात मला कधी शब्द अडला नाही, तो त्या श्रावणांमुळे.

पोथी आता साताऱ्यात माझ्याकडे आहे. खुणेचं मोरपीस तेच आहे, पिसं झडून काडी राहिली आहे. बदललं नाही.

वाडीची शिट्टी

किर्लोस्करवाडी. आमच्या घरी मुलांची पुस्तकं नंतर आली, आधी मासिकं होती. आजोबा कारखान्यात होते. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली इथंच सुरू झाली, पुढे ‘स्त्री’ १९३० ला आणि ‘मनोहर’ १९३४ ला. एका माळरानावरच्या कारखान्याच्या वसाहतीतून निघालेली मासिकं महाराष्ट्रभर वाचली जायची, हे आजोबा आम्हाला सांगायचे तेव्हा त्यांची पाठ ताठ व्हायची.

आजी चौथी शिकलेली. तिने ‘स्त्री’चे अंक वर्षावर्षाचे शिवून ठेवले होते, गोधडीच्या सुईने आणि गोधडीच्याच दोऱ्याने. आत्या सांगते, सासरी पहिल्या वर्षी फार एकटं वाटायचं, तेव्हा आजीने तिला साडीचोळीऐवजी एक गठ्ठा धाडला होता.

आणि कुटुंबाचं पुस्तक म्हणाल तर ‘रुचिरा’ विसरू नका! कमलाबाई ओगले जन्माने आमच्या शेजारच्या कुंडलच्या. पुस्तक आलं १९७० साली. आमच्या आईच्या पिढीला आईने हाताने दाखवलेलं ‘अंदाजाने’ माहीत होतं. ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप आलं आणि नोकरीसाठी परगावी गेलेल्या पोरींना आधार झाला. माझ्या बहिणीने पुण्यात खोली घेतली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे कमी होते, पण ‘रुचिरा’ होती.

चिंचेचा पार

चांदोबा! मराठी चांदोबा १९५२ पासूनचा. आमच्या मोठ्या काकांकडे जुने अंक होते. नवा अंक आम्ही एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर घ्यायचो. बाबा घेऊन यायचे तेव्हा पिशवीत भाजीच्या खाली असायचा, मेथीचा ओलावा लागलेला. आधी विक्रम-वेताळ, मग बाकीचं. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा आणि मागे ते झाड, ते चित्र बघून मी लघवीला एकटा जायचो नाही.

माणदेशी

आटपाडी तालुका. माझे वडील मेंढरं राखायचे. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं.

मी अकरावीला असताना कॉलेजच्या ग्रंथालयातून ‘बनगरवाडी’ आणली. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच मुलखातले, माडगुळ्याचे. पुस्तक १९५५ चं. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो तिथून सुरुवात. मी रात्री चिमणीपुढे मोठ्याने वाचायला लागलो, परीक्षा होती म्हणून. वडील बाहेर वाकळ टाकून पडले होते. दहा-बारा पानं झाल्यावर बाहेरून आवाज आला, “ते मगाचं मेंढरांचं पुन्यांदा वाच.”

मी वाचलं. म्हणाले, “ह्यो मानूस वाडीवर ऱ्हायलाय.”

त्या दिवसापासून रोज रात्री पाच-सात पानं. मधेच थांबवायचे. एखादं माणूस आलं की म्हणायचे, हा आपल्या अमक्यासारखा हाय बघ. कारभारी आला की उठून बसायचे. शेवटी दुष्काळात वाडी उठते, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, ती पानं वाचली त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत. सकाळी न्याहारीच्या वेळी एवढंच म्हणाले, “बहात्तरला आपुनबी आसंच गेल्तो.” मी तेव्हा जन्मलो नव्हतो. १९७२ च्या दुष्काळाचं आमच्या घरचं सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आई कुठं खडी फोडत होती, थोरला भाऊ कुठं जन्मला, कुठल्या गावाने पाणी दिलं आणि कुठल्या गावाने हुसकलं.

ग्रंथालयाचं पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली. दंड भरायला वडिलांनी पैसे दिले, काही न विचारता. नंतर नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी पुस्तक विकत घेतलं. ते माझं नाही, त्यांचं आहे. त्यावर नाव त्यांचं घातलंय.

कंदीपेढा

माणदेशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. “पुन्हा वाच” म्हणाली.

तळहात

‘श्यामची आई’बद्दल थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये.

माझ्याही लहानपणी हे घरातलं पहिलं पुस्तक. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, बेचाळीस रात्रींच्या बेचाळीस आठवणी. आमच्याकडे जेवणानंतर एक ‘रात्र’ वाचायची पद्धत होती. पण गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला वाचायला घेतलं आणि ‘श्यामचे पोहणे’पाशी अडलो. श्याम पोहायला घाबरून माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारत बाहेर काढते. मुलीने पुस्तक मिटलं. म्हणाली, “ही आई मला नको.” मी गप्पच झालो. जे आपल्याला प्रेम वाटलं ते तिला मार दिसला. मला वाटतं, मुलं थोडी मोठी झाल्याशिवाय हे पुस्तक देऊ नये.

घाटावरचा

तळहात, तुमच्या मुलीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस. मलाही काकाने उचलून पाण्यात टाकलं होतं, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. त्या वयात काकाचा तिरस्कार वाटला. ‘श्यामचे पोहणे’ वाचलं तेव्हा पहिल्यांदा समजलं की मारणारी आई आतून किती हललेली असते. श्याम पोहून येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचे वळ बघून ती रडवेली होते, ते पान वगळून चालणार नाही. मारण्याचं समर्थन करत नाही. पण मुलीला तिथं थांबू न देता त्याच बैठकीत प्रकरण पूर्ण वाचा आणि मग तिला काय वाटतं ते विचारा. आणि ‘अळणी भाजी’ आधी वाचा. भाजीत मीठ नाही हे कळूनही वडील चकार शब्द काढत नाहीत, कारण करणारीला वाईट वाटेल. आठ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं.

तळहात

प्रकरण तिथंच सोडलं ही माझी चूक, हे मान्य. आज ‘अळणी भाजी’ वाचतो.

जुजबंदी

माझा मिरजेत बाइंडिंगचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. २०१९ मध्ये आमच्याकडे पोत्यांनी पुस्तकं आली. बहुतेक वाचवता आली नाहीत, कारण लोकांनी आणण्याआधी जिवापाड प्रेमाने नको ते केलं होतं. म्हणून इथं लिहून ठेवतो, आपल्याकडे पाणी पुन्हा येणार आहे.

भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकू नका. पानं लाटेसारखी वळतात आणि कणा फुटतो. इस्त्री तर अजिबात नको. चिखल ओला असतानाच, पुस्तक मिटलेलं ठेवून, स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा. वाळल्यावर खरवडायला गेलात तर अक्षरं निघतात. मग पंख्याखाली उभं करा, दर पंधरा-वीस पानांमागे साधा कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. यात दोन दिवसांच्या वर गेलं तर बुरशी धरते. पुस्तकं खूप असतील आणि हात कमी असतील, तर एकेक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलं की बुरशी वाढत नाही, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं. गुळगुळीत चित्रांचा कागद मात्र सगळ्यात आधी हाताळा. तो ओला असतानाच पान पान सुटं केलं नाही, तर वाळल्यावर त्याची फरशी होते, ती कुणालाही उघडता येत नाही.

माईघाट ताई, तुमच्या वहीबद्दल. सेलोटेप कुठंही लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागद खातो. शाईपेनाची अक्षरं पाण्याच्या एका थेंबाने पसरतात, म्हणून आजच प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. शिवण सैल झाली असेल तर वही घेऊन या. जुन्या शिवणीची भोकं तशीच वापरून पुन्हा शिवून देतो, खळीत मोरचूद घालतो म्हणजे कसर लागत नाही. पैशांचं बोलू नका.

माईघाट

फोटो काढले. रविवारी वही घेऊन येते, दादा. तुम्ही लिहिलेलं आम्हाला त्या ऑगस्टमध्ये माहीत असतं तर… आम्ही सगळं गच्चीवर उन्हात टाकलं होतं.

सगळ्यांनी विचारलं म्हणून ती अकरा लिहिते. वहीतल्या क्रमाने: ९ ‘गोट्या’ भाग पहिला, २२ ‘इसापनीती’, ३१ आणि ३२ ‘फास्टर फेणे’ची दोन, ४६ ‘माणदेशी माणसं’, ५८ ‘स्वामी’, ८७ ‘देनिसच्या गोष्टी’, १०३ ‘फकिरा’, १२० ‘किशोर’चा दिवाळी अंक, १५१ ‘मृत्युंजय’, १७७ ‘श्रीमान योगी’.

‘फकिरा’च्या समोर अप्पांनी लिहिलंय, ‘वाटेगावचा विद्यार्थी, खोलीवर राहणारा.’ अण्णाभाऊंच्या गावचा पोरगा अण्णाभाऊंचं पुस्तक घेऊन गेला. ते परत यावं असं बहुधा अप्पांनाही वाटलं नसेल, कारण त्या ओळीखाली बाकीच्यांसारखी लाल रेघ नाही.

पाचगणीचा पाऊस

माझ्याकडे ही पुस्तकं नाहीत, पण मुलांना घेऊन एकदा भिलारला जा असं सांगते. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीला पंचवीस घरांत आणि ठिकाणी पुस्तकं ठेवली. एका घरात बालसाहित्य. आम्ही स्ट्रॉबेरीसाठी गेलो होतो. मुलगा ओसरीवर ‘फास्टर फेणे’ घेऊन बसला तो तीन तास उठला नाही. घरातल्या आजी येऊन त्याच्याशेजारी शेंगा ठेवून गेल्या. फुरसुंगीच्या त्या किडकिडीत पोराने माझ्या मुलाला ‘ट्टॉक्’ करायला शिकवलं, आता घरात दिवसभर तेच चालू असतं.

येरळाकाठ

माईघाट ताई, हात थरथरतोय लिहिताना.

मी विट्याचा. आईचं माहेर सांगलीचं, गावभागातलं. आजोबा पोस्टात होते. तुमच्या पहिल्याच लेखात ‘पोस्टातल्यांची धाकटी’ वाचून मी थबकलो होतो, पण पोस्टात काय एकच माणूस असतो, म्हणून बोललो नाही. यादीत ‘देनिसच्या गोष्टी’ दिसलं आणि माळ्यावरून आईची ट्रंक काढली. मॉस्कोत छापलेलं, जाड पुठ्ठ्याचं. पहिल्या पानावर उजवीकडे वर निळा गोल. गोलात ८७.

आई चष्मा लावून किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. म्हणाली, समोरच्या दिवाणजींकडून आणलं होतं, बारावीच्या सुट्टीत. मग स्थळ आलं, महिन्यात लग्न झालं, सामानात ते आलं. माहेरी जाताना दर वेळी न्यायचं ठरवायची. मग वर्षं इतकी झाली की न्यायची लाज वाटायला लागली. दिवाणजी गेल्याचं कळलं तेव्हा ती दिवसभर ट्रंक उघडून बसली होती, हे आम्हाला आज कळलं.

या पुस्तकावर आम्ही दोघं भाऊ वाढलो, ताई. खिडकीतून सांजा ओतून देणारा देनिस आम्हाला तोंडपाठ आहे. आता माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला आई रोज एक गोष्ट वाचते. आई म्हणते, पुस्तक घेऊन मी स्वतः सांगलीला जाणार आणि त्यांच्या फोटोसमोर ठेवणार.

माईघाट

दादा, आईला सांगा, सांगलीला जरूर या, पण पुस्तक घेऊन नको. नातवाला घेऊन या. माझी आई आता ऐंशीची आहे. तिला मघाशी सांगितलं तर म्हणाली, “दोन वेण्या घालायची ती. जिन्यावर बसून वाचायची, कुणी वर जायला आलं की पाय गोळा करायची.”

देनिसची एक गोष्ट त्याने आमच्या आईला वाचून दाखवावी. जमली तेवढी, अडखळत.

वही आत्ता समोर आहे. १९८८ च्या मे महिन्यातली नोंद आहे, ‘पोस्टातल्यांची धाकटी’. खाली लाल रेघ. ‘परत’च्या रकान्यात आज लिहिलं: विट्यात आहे, नातवाकडे.